आधी तिथी, मग गळ

फाल्गुन लागला की बडोद्यातल्या ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. शिमग्याला नाहीतर पाडव्याला कोकणात जायचं ठरलेलं असतं. घरातल्या कुणीतरी व्हिडिओत किनाऱ्यावर उभं राहून रावस काढणारा माणूस पाहिलेला असतो. मग विचारणा होते, रॉड कुठला घेऊ? मी उलट विचारतो, तुमची सुट्टी कोणत्या तिथीला आहे? समोरचा क्षणभर गप्प होतो. त्याला वाटतं, मी मुहूर्त काढायला बसलोय.

मुहूर्ताचा इथे काही संबंध नाही. किनाऱ्यावरून गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे, तर समुद्राचं घड्याळ वाचता यायला हवं, आणि ते घड्याळ आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णयच्या रूपात टांगलेलं असतं. मासा खाण्याच्या मागे जातो. किनाऱ्यालगत ते खाणं इकडून तिकडे नेण्याचं काम पाणी करतं, आणि पाणी हलवतो मुख्यतः चंद्र. ही साखळी एकदा नीट कळली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

बडोदेकराला भरती-ओहोटी समजून घ्यायला कोकणापर्यंत जावंही लागत नाही. जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोई आपल्यापासून साधारण पाऊणशे किलोमीटर आहे. तिथल्या स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा मोकळं होतं. गुजराती शेजारी ‘भरती-ओट’ म्हणतात ती तिथे पायरी-पायरीने डोळ्यांना दिसते. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, दक्षिणेला रुंद आणि उत्तरेला निमुळतं. आत शिरणाऱ्या पाण्याला बाजूला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते वर चढतं. भावनगरला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. रत्नागिरीकडे तोच दोन-तीन मीटर असतो. माझा एक आग्रह आहे, मुलांना एकदा तरी कावी-कंबोईला न्या आणि दोन-तीन तास नुसतं पाणी चढताना बघू द्या. मात्र तिथे गळ टाकायला जाऊ नका. आखाताचं पाणी गाळाने भरलेलं असतं, प्रवाह फार जोरात असतो आणि चिखलात पाय रुतला तर भरती वाट बघत नाही. तिथले पगडिया मच्छीमार पायी चिखल तुडवत जाळी लावतात. त्यामागे पिढ्यांची माहिती आहे, ती आपल्याकडे नाही.

आता घड्याळाकडे वळू. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा ५० मिनिटांच्या आसपास उशिरा येते. तिथीसुद्धा चंद्रावरच चालते, म्हणून एक जुना हिशोब कामाला येतो: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, भरती तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हा आडाखा मुंबईच्या आसपासचा आहे. दक्षिणेला रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, उत्तरेला आखातात काही तास उशिरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच, म्हणून निघण्याआधी त्या ठिकाणचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघून घ्या. पण सहलीची तारीख ठरवताना भिंतीवरची तिथी पुरते.

वेळेइतकाच पाण्याचा जोरही बघावा लागतो. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी जेमतेम हलतं. त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. उधाणाचा खरा भर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. एका भरतीच्या सहा तासांतही पाणी सारख्या वेगाने चढत नाही. समजा फरक २ मीटर ४० सेंटिमीटर आहे. पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटर चढेल, दुसऱ्यात ४०, तिसऱ्या आणि चौथ्यात ६०-६०, मग पुन्हा ४० आणि २०. मधले दोन तास पाणी सगळ्यात जास्त पळतं. मासे खाण्यावर असतात ते बहुधा या पळत्या पाण्यात. पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला पाणी थबकतं तेव्हा गळही थबकतो. तेवढ्यात डबा उघडून जेवून घ्यावं.

इथे प्रकाशाचा धागा जोडावा लागतो. उथळ पाण्यात भर उन्हात मोठा मासा सहसा येत नाही. वरून घारी-बगळ्यांना तो दिसतो आणि त्यालाही भक्ष्यावर चोरून झडप घालता येत नाही. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा संधिप्रकाश त्याला सोयीचा. मार्चच्या मध्यावर कोकणात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि पावणेसातच्या आसपासच मावळतो. म्हणजे आपल्याला हवं असतं संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात पळणारं पाणी. हिशोब मांडून बघा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराला, म्हणून सूर्यास्ताला पाणी तळाला गेलेलं. अष्टमीला सूर्यास्ताला पूर्ण भरती, पण भांगाची, जोर नसलेली. उलट दशमी ते द्वादशी भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान, म्हणजे मावळतीला पाणी चढतं असतं आणि रोज उधाणाकडे सरकतं. सकाळीही तेच घड्याळ. तृतीया ते पंचमी भरती सव्वादोन ते पावणेचारला होऊन जाते, मावळतीला पाणी जोरात उतरत असतं. उघड्या किनाऱ्यावर मी चढतं पाणी धरतो, खाडीच्या तोंडाशी उतरतं. माझी पहिली दोन वर्षं महागड्या रॉडसह चुकीच्या तिथींना किनाऱ्यावर उभं राहण्यात गेली, तेव्हा हा हिशोब मला कुणी सांगितला असता तर फार बरं झालं असतं. म्हणूनच इथे तो इतका सविस्तर लिहितोय.

वसंतच का, तर पावसाळ्यात कोकणच्या नद्या माती घेऊन येतात आणि समुद्र खवळलेला असतो. दिवाळीनंतर पाणी निवळत जातं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत किनाऱ्यालगत चांगलं स्वच्छ होतं. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशांना ते मानवतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नद्या आटतात, वरून येणारं गोडं पाणी थांबतं, आणि समुद्राचं खारं पाणी खाडीत आतवर पोचतं. त्याच्यासोबत समुद्री मासेही आत शिरतात. होडी नसलेल्या, पायांनी फिरणाऱ्या माणसाला ही मोठी सोय. पाणीही हळूहळू तापत जातं. फेब्रुवारीत २७ अंशांच्या आसपास असलेला समुद्र मे संपेपर्यंत ३० अंशांकडे जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी उथळ पाणी बहुतेक रिकामं असतं आणि संधिप्रकाशाची वेळ आणखी मोलाची होते.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच आहे. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. दिवसा जमीन तापते आणि खारे वारे उलट येतात, दुपारनंतर त्यांचा जोर असतो. म्हणून वसंतात सकाळचा समुद्र आरशासारखा आणि संध्याकाळचा खडबडीत. सकाळी हलकं नकली आमिष लांब फेकता येतं. संध्याकाळी लाटा वाळू उकरतात, तेव्हा जड शिसं लावून तळाशी खरं आमिष ठेवावं.

आता पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभे राहू. वरवर सगळीकडे सारखं पाणी दिसतं, पण लाट कुठे फुटते तिकडे बघा. लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोली राहिली की लाट साधारणपणे फुटते, म्हणजे एक मीटरची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात फुटेल. याचा अर्थ, दूरवर जिथे पांढरा फेस सतत उठतोय तिथे पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. उंचवट्याच्या अलीकडे लाट पुन्हा शांत होते, पाणी गडद दिसतं. तिथे घळ आहे, किनाऱ्याला समांतर जाणारी. ही घळ म्हणजे माशांची गल्ली. उंचवट्यावर फुटणारी लाट वाळूतले किडे, बारीक खेकडे, शिंपले उकरते, ते सगळं घळीत घसरतं आणि मुडदुशी, बोय, मागोमाग रावस त्या गल्लीतून फिरतात. नवीन माणूस सगळी ताकद लावून शंभर मीटर लांब फेकतो आणि त्याचं आमिष घळ ओलांडून रिकाम्या वाळूवर पडतं. पुष्कळदा मासा वीस-तीस मीटरवर असतो. गुहागरसारख्या लांबलचक किनाऱ्यावर चालत गेलात तर उंचवट्याची ओळ मधेच तुटलेली दिसते, तिथे फेस नाही आणि पाणी गडद. किनाऱ्यावर चढलेलं पाणी या दारातून परत जातं. खाणंही तिथूनच बाहेर वाहतं, म्हणून या दाराची कड ही पुळणीवरची सगळ्यात चांगली जागा. तीच सगळ्यात धोक्याचीही, त्याकडे पुढे येतो.

खाडीचं तोंड वाचणं त्याहून सोपं. वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, कर्ली देवबागला समुद्राला मिळते. पाणी उतरू लागलं की कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बोयांची पिल्लं प्रवाहासोबत बाहेर निघतात. मोठा मासा प्रवाहात पोहत दमत नाही. तो खडकाच्या, जेट्टीच्या खांबाच्या किंवा वाळूच्या टोकाच्या आडोशाला थांबतो आणि समोरून वाहत येणारं टिपतो. जिताडा अगदी असाच वागतो. तांबोशीही, फक्त ती खडक आणि कांदळाची मुळं अजिबात सोडत नाही आणि गळाला लागली की थेट मुळांत घुसते. पळतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथे एकमेकांना घासतात, तिथे फेसाची किंवा कचऱ्याची एक रेघ दिसते. आमिष त्या रेघेवर वाहत जाऊ द्या.

साहित्याबद्दल फार लिहिणार नाही, कारण दुकानदार ते हौसेने सांगतात. पुळणीसाठी दहा-बारा फुटांचा रॉड, खाडीसाठी सात-आठ फुटांचा. खाऱ्या पाण्याला टिकणारं मध्यम रील, विणलेली दोरी आणि तिच्या टोकाला वावभर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, कारण वाळू आणि खडक विणलेल्या दोरीला लगेच कापतात. पुळणीवर ६० ते १०० ग्रॅम शिसं पुरतं. मुडदुशीचं तोंड लहान, तिला बारीक गळ आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. रावसाला अख्खी ताजी कोळंबी किंवा छोटी बोय. जिताड्याला जिवंत कोळंबी, शेपटीजवळ टोचलेली, म्हणजे ती हलती राहते. आमिष स्थानिक बाजारातून त्याच दिवशी घ्या. बर्फात चार दिवस पडलेल्या कोळंबीला वास असतो, चव उरलेली नसते. आणि रॉडच नाही म्हणून कुणी थांबू नये. कोकणातली किती तरी माणसं बाटलीला गुंडाळलेल्या तंगुसावर आपल्यापेक्षा जास्त मासे काढतात.

रावसाबद्दल दोन वाक्यं, कारण तो माझा आवडता. त्याच्या कल्ल्यांमागच्या परांखाली प्रत्येक बाजूला चार लांब धागे असतात. त्यांनी तो गढूळ, फेसाळ पाण्यातही तळ चाचपत खाणं शोधतो, म्हणून लाटा फुटतात तिथे त्याची सोय होते.

आता धोका. मार्च ते मे या काळात आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरीही अचानक उंच लाटांची रांग किनाऱ्यावर येते, असं होतं. या लाटा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत जन्मतात आणि काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला पोचतात. इथलं हवामान बघून त्यांचा अंदाज येत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांचा इशारा देते, तो बघितल्याशिवाय कातळावर पाऊल ठेवू नका. कातळ ओला दिसत असेल तर लाट तिथवर येऊन गेली आहे आणि पुन्हा येईल, असंच समजा. पंधरा मिनिटं लांब उभं राहून बघा, मगच जागा ठरवा. समुद्राकडे पाठ कधीही नको. फेसाच्या ओळीतलं जे गडद दार सांगितलं, त्यात पाण्याला बाहेरची ओढ असते. गुडघ्याच्या वर पाण्यात जाण्याची मुळात गरजच नाही. तरीही ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा आणि मग लाटांसोबत आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. सोबत कुणीतरी हवंच. एकट्याने रात्री गरवायला जाऊ नये, हे मी माझ्या भाच्यांनाही बजावलं आहे.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घसटत न्या. पाखट हा चपटा मासा. ती वाळूत अंग पुरून बसते. पाय घासत आला तर ती निघून जाते, वरून पडला तर शेपटीचा काटा मारते. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि एकेक दोन्ही बाजूंना, आणि गळातून सोडवताना तेच हाताला लागतात. तो पकडीने सोडवा. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, तासभर ठेवा. उष्णतेने काट्यातलं विष निष्प्रभ होतं. मग डॉक्टरांकडे जा, कारण तुटलेला काटा आत राहू शकतो. फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर तो खायचा नाही. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

आपण त्या किनाऱ्यावर पाहुणे असतो. रापण ओढणारी मंडळी जाळं सोडत असतील तर आपली दोरी गुंडाळून बाजूला व्हा. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली सुट्टी. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालंय, तिथे कुठे गळ टाकता येतो ते आधी स्थानिकांना विचारा. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर मार्च-एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात. तिथे रात्री दिवे लावून फिरू नका आणि तंगुसाचा एक तुकडाही मागे सोडू नका. लहान मासे परत सोडा. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मिळालेला प्रचंड जिताडा बहुधा पावसाळ्यात अंडी घालणारी मादी असते. फोटो काढून तिला पाण्यात डोकं प्रवाहाकडे करून धरा, ती स्वतः शेपटी मारेपर्यंत. घरी न्यायला मध्यम आकाराचा मासा चवीलाही सरस.

बडोद्यात बसून काय तयारी करता येईल? गाठी बांधायला दिवाणखाना पुरतो. फेकण्याचा सराव पहाटे रिकाम्या मैदानात करा, गळ न लावता, नुसतं शिसं बांधून, आणि मागे-पुढे कुणी नाही याची खात्री करून. विश्वामित्रीच्या काठी मात्र नको, तिथे मगरी आहेत.

आणि शिमग्याची सुट्टी मिळत असेल तर ती अशी मांडा. फाल्गुन शुद्ध नवमीला बडोद्याहून गाडी धरा, रत्नागिरीला थेट गाड्या आहेत. दशमी, एकादशी, द्वादशी पुळणीवर, पहाटे आणि मावळतीला, चढत्या पाण्यात. होळीच्या दिवशी, पौर्णिमेला, संध्याकाळी पाणी खूप खाली जाईल. तेव्हा रॉड घरी ठेवा आणि मोकळ्या पडलेल्या किनाऱ्यावर चालून या. एरवी पाण्याखाली असणारे उंचवटे आणि घळी उघड्या दिसतील. त्यांचे मोबाइलवर फोटो काढा, मागच्या नारळाच्या झाडांची किंवा घराची खूण धरून. मग वद्य तृतीया ते पंचमी खाडीच्या तोंडाशी, उतरत्या पाण्यात, जिवंत कोळंबी घेऊन.